पाहा

कुताईसीच्या ग्रंथालयाच्या तळघरात
अजून उभं आहे कार्डांचं कपाट.
एकशे वीस खण, प्रत्येक खणात
कार्डांच्या पोटातून आरपार गेलेली एक सळई.
जुमबेर किल्ली देतो, म्हणतो,
हे आता तुझंच. उंदरांनीसुद्धा सोडलंय.

माझा प्रबंध आंधळ्या संदर्भांवर आहे.
म्हणजे कार्ड सांगतं, पाहा,
तुम्ही उठता, तो खण ओढता, पाहता,
आणि तिथे काहीच नसतं
किंवा असतं ते भलतंच.
एक्केचाळीस हजार कार्डं. बोटांना शाईचा नाही,
जुन्या डिंकाचा वास.

पोळं, पाहा: मधमाश्या. ठीक.
द्राक्षं, पाहा: मद्यनिर्मिती. आमच्याकडे तर ठीकच.
मग एका मंगळवारी, हातमोजे घालून,
हद्दपारी, पाहा: पक्ष्यांचं स्थलांतर.
मी हसले. तळघरात एकटीच, मोठ्यानं.

आठवडाभरानं
झडती, पाहा: घरगुती स्वच्छता.
मौन, पाहा: मासे, गोड्या पाण्यातले.
वडील, पाहा: रेल्वे, वेळापत्रकं.
आता हसू आलं नाही.

दोनशे चौदा निघाली अशी.
सगळी एकाच हातची,
'ल'च्या कमानी जरा जास्तच उंच,
खालून कुणाला वाकून जाता यावं इतक्या.

पक्ष्यांच्या खणात पक्षीच होते:
बगळे, करकोचे, वलय अडकवण्याच्या पद्धती.
सगळ्यांत मागे, सळईला शेवटचं,
एक कार्ड. लेखक नाही, क्रमांक नाही,
पेन्सिलीनं फक्त:
सोळा गेले. तीन आले.

प्राध्यापक ओतिया चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
करकोचेच असतील. कुणीतरी मोजले असतील.
दर हजारी पाच चुका, हे प्रमाण चांगलंच म्हणायचं.
'मानवी त्रुटी' या रकान्यात टाक
आणि पुढच्या प्रकरणाला लाग.

लामझिरा ग्वेंतसाद्झे चौथ्या मजल्यावर राहते,
लिफ्ट नाही, वय शहाऐंशी.
हिरवे अक्रोड सोलत होती,
दहाही बोटं काळी.
मी कार्डांच्या प्रती टेबलावर मांडल्या.
तिनं हात पुसले नाहीत, की कागदांना लावलेही नाहीत.
म्हणाली, दिवसाला ऐंशी कार्डं, बाई,
हिवाळ्यात शेगडी एकच, तीही साहेबांच्या खोलीत.
हात चुकतो.
दोनशे चौदा वेळा? मी विचारलं.
सत्तावीस वर्षांत, ती म्हणाली,
तुझा तरी याहून कमी चुकेल का?

मी वही मिटली. तिनं अक्रोड दिले, कागदात बांधून.
दारापाशी, कोटाची बटणं लावताना,
माझ्याकडे न बघता विचारलं,
मासे पाहिलेस का?

नव्हते पाहिले.

दुसऱ्या दिवशी जुमबेरच्या नातवाचा बाप्तिस्मा,
तळघर बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी वीज गेलेली.
टॉर्च दातांत धरून मी खण ओढला,
सळईचा आटा फिरवला,
आणि पाहिलं.

ते इथे लिहीत नाही.
प्रबंधातही नाही.
परिशिष्टात त्या खणाचा क्रमांक आहे,
ज्याला जायचंय त्यानं जिने उतरावेत,
वाकावं.

तक्त्यात चुका लिहिल्या दोनशे तेरा.
मौखिक परीक्षेच्या दिवशी ओतिया बोट ठेवतील,
बेरीज करतील, पुन्हा करतील,
ताळा जुळत नाही म्हणतील.
एक हातचा आहे, सर,
असं म्हणायचं ठरवलंय मी.
आवाज कापला नाही तर.